घेतेस तर घे, पण आधी ऐक

तू पाठवलेले फोटो पाहिले गं. आग विझवायचे दोन लाल सिलिंडर, एक डिओच्या बाटलीएवढा स्प्रे आणि एक तो चेंडू, आगीत पडला की फुटून पावडर उडवतो म्हणे. आणि खाली एकच ओळ, "ताई, यातला कुठला?" ऑफर संपायच्या आत मागवायचा जावईबापूंचा घाट आहे, हेही कळलं. म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. दोन किलोचा, एबीसी पावडरचा, मानेपाशी काट्याची तबकडी असलेला आणि अंगावर आयएसआयचा शिक्का असलेला घे. साधारण हजार ते दोन हजारांत येतो. तुमच्या वन बीएचकेला तेवढा पुरे.

घाईत असशील तर इथेच वाचणं थांबवलंस तरी चालेल. पण मला विचारशील तर बस जरा. हा सिलिंडर भिंतीला लागला की घरातले सगळे निर्धास्त होतात, आणि वेळ आलीच तर तो चालवायचा कसा हे एकालाही ठाऊक नसतं. तो कधी हातात घ्यायचाच नाही, हे तर त्याहून कमी जणांना ठाऊक असतं.

तुला माहितीये, आमच्या सोसायटीच्या कमिटीत लिफ्ट, पाण्याची टाकी आणि आग ही खाती माझ्याकडे आहेत. (पार्किंगचं खातं मी साफ नाकारलं. आग परवडली.) महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, अशा लांबलचक नावाचा २००६ चा कायदा आहे. त्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून इमारतीची यंत्रणा तपासून फॉर्म 'ब' द्यावा लागतो. त्या निमित्ताने एजन्सीचा माणूस आला की मी त्याला सोडत नाही. पार्किंगमध्ये लोखंडी ट्रेत थोडं डिझेल पेटवून तो आम्हाला एकेकाला विझवायला लावतो. तुला सांगणार आहे त्यातलं बरंचसं त्या ट्रेसमोर उभं राहून पाहिलेलं आहे.

आधी ती अक्षरं. ए म्हणजे लाकूड, कापड, कागद, गादी, मागे निखारा ठेवणारं सगळं. बी म्हणजे पेट्रोल, रॉकेल, थिनर असली पातळ जळणं. सी म्हणजे गॅस. हे आपल्याकडचं झालं. अमेरिकेत सी म्हणजे विजेची आग, आणि स्वयंपाकाच्या तेलाच्या आगीला तिकडे के म्हणतात. आपल्याकडे तिला एफ. तू ते तिकडचे व्हिडिओ बघून याद्या करतेस म्हणून मुद्दाम सांगितलं.  विजेच्या आगीला आपल्याकडे स्वतःचं अक्षर नाही. विजेच्या उपकरणांवर चालेल की नाही ते सिलिंडरवरच्या चित्रांत आणि सूचनांत लिहिलेलं असतं, ते वाचून घ्यायचं. एबीसी पावडर वीज वाहून नेत नाही, त्यामुळे टीव्हीमागच्या बोर्डाला, फ्रिजच्या मोटारीला ती चालते.

ही पावडर म्हणजे मुख्यतः मोनो अमोनियम फॉस्फेट. ज्वाळेत शिरली की जळण्याची साखळीच तोडते, आणि तापलेल्या लाकडा-कापडावर वितळून दुधावर साय धरावी तसा थर धरते, म्हणजे खालच्या निखाऱ्याला हवा मिळत नाही. लेबलवर या फॉस्फेटची टक्केवारी असते, ५० नाहीतर ९०. थोडे पैसे जास्त गेले तरी ९० वाला घे. शिक्क्याखाली आयएस १५६८३ हा मानकाचा क्रमांक आणि सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' ॲपवर टाकला की परवाना खरा की खोटा ते दोन मिनिटांत कळतं. आणि उत्पादनाचं वर्ष बघ. दुकानात दोन वर्षं पडून राहिलेला माल ऑफरमध्ये निघतो, हे साडीला चालतं, इथे नको.

चार किंवा सहा किलोचा जास्त वेळ चालतो, हे खरं. पण भर दुपारी घरात कोण असतं? सासूबाई. त्यांच्या हाताला झेपेल तोच तुमचा सिलिंडर. दोन किलो पावडर म्हटली तरी लोखंडासकट वजन जवळजवळ दुप्पट भरतं. दुकानात जाऊन एका हाताने उचलून बघ, म्हणून तर ऑनलाइन नको म्हणते.

बाकीच्यांचं थोडक्यात. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर मागे कचरा ठेवत नाही म्हणून लोकांना आवडतो, पण तो जड असतो, लहान बंद खोलीत मारला तर तुमचाच श्वास कोंडतो, आणि त्याच्या काळ्या भोंग्याला हात लावून धरलं तर कातडी गोठते. तो ऑफिसच्या सर्व्हर रूममध्ये शोभतो. 'क्लीन एजंट' नावाचा प्रकार कॉम्प्युटरसाठी उत्तम, फक्त महाग. स्प्रे गाडीत ठेवायला बरा. चेंडू ज्वाळा त्याच्यापर्यंत पोचल्यावर फुटतो. आणि मुळात पेटत्या कढईशेजारी काहीतरी फोडावं ही कल्पनाच मला पटत नाही.

आता कढईचं नाव निघालंच आहे, तर इथे तुला जरा वेळ बसवून ठेवणार आहे. कारण लाल सिलिंडर लोक घेतात स्वयंपाकघरासाठी, आणि स्वयंपाकघरातल्या सगळ्यात नेहमीच्या आगीवर, पेटलेल्या तेलावर, तोच सगळ्यात शेवटचा उपाय आहे.

तेल एकदम पेटत नाही, आधी सांगतं. चकलीचा एक घाणा काढलास, दुसरा पाडायला घेतलास, तेवढ्यात बेल वाजली. कुरियरवाल्याला ओटीपी सांगेपर्यंत तेलावर आधी पातळ लहरी दिसतात, मग निळसर धूर सुटतो, घशाला खवखवतो, डोळ्यांना झोंबतो. इथपर्यंत काही बिघडलेलं नसतं. गॅस बंद केलास की संपलं. तशीच ठेवलीस आणि तेल साडेतीनशे अंशांच्या आसपास गेलं, की ज्वाळेचा स्पर्शही न होता ते आपणहून पेटतं. मग माणसं काय करतात? सिंकमधून तांब्याभर पाणी.

पाणी तेलापेक्षा जड. ते थेट तळाशी जातं, आणि तिथे इतकं तापलेलं असतं की क्षणात त्याची वाफ होते. पाण्याची वाफ झाली की ते साधारण सतराशे पट जागा मागतं. एवढी जागा कढईत कुठून येणार? ती वाफ वरचं सगळं पेटतं तेल घेऊन बाहेर उडते. ज्वाळा छताला लागते, मधल्या वाटेवर चिमणीच्या जाळीतलं जुनं तेल पेटवते, आणि तांब्या हातात असलेली बाई समोरच उभी असते. एजन्सीच्या माणसाने हे आम्हाला करून दाखवलं. लांब बांबूला वाटी बांधून त्याने जळत्या तेलात पाणी ओतलं, फक्त वाटीभर. पहिल्या रांगेतल्या खुर्च्या मागे सरकल्या.

दुसरी खोड म्हणजे पेटती कढई उचलून बाथरूममध्ये किंवा बाल्कनीत न्यायची. अजिबात नाही. चालताना ज्वाळा तुझ्याच अंगावर येते, तेल हिंदकळतं, आणि वाटेत पडदा असतो, पायपुसणं असतं, सासूबाई असतात.

मग करायचं काय? गॅस बंद, आणि झाकण. एवढंच. झाकण काचेचं नको, तडकतं. कढईपेक्षा मोठं, सपाट, धातूचं हवं. तुझा भाकरीचा मोठा तवा किंवा पोळ्यांची परात चालेल. ते वरून आपटायचं नाही. आपल्या बाजूच्या काठावर टेकवून पुढे सरकवायचं, म्हणजे ज्वाळा आणि तुझा हात यांच्या मध्ये सतत धातू राहतो. झाकलं की हात काढायचा आणि उघडून बघायचं नाही. हा मोह फार वाईट. आतलं तेल अजून तेवढंच तापलेलं असतं. हवा मिळाली की पुन्हा भडकतं. पार गार होईपर्यंत, अर्धा तास-तासभर, तसंच राहू दे. शेगडीचा नॉब कढईच्या मागच्या अंगाला असेल आणि ज्वाळेवरून हात न्यावा लागत असेल, तर आधी झाकण, मग नॉब, नाहीतर सरळ खाली गॅसच्या सिलिंडरवरचा रेग्युलेटर बंद कर.

तळायला बसशील तेव्हा परात ओट्यावर काढून ठेवायची सवय लाव. मांडणीवर, डब्यांच्या मागे असलेलं झाकण त्या वेळेला सापडत नाही. काचेच्या धाग्यांचं फायर ब्लँकेट मिळतं, तेही घेतलंस तर उत्तम. लाल पिशवीतून दोन पट्ट्या खाली लोंबत असतात, त्या ओढल्या की चादर बाहेर येते, कडा हातावर गुंडाळून घ्यायच्या आणि कढईवर पांघरायचं. जुन्या बायका ओलं फडकं टाकायच्या. फडकं अगदी घट्ट पिळलेलं असेल तर ठीक, पण घाईत कोण पिळतं? थेंब गळला की पुन्हा तेच पाण्याचं. शेगडीवर सांडलेली चिमूटभर आग असेल तर खायचा सोडा भुरभुरव, चालतो. पीठ नाही हं! डब्यावर नाव नसलं की सोडा आणि मैदा सारखेच दिसतात, आणि हवेत उडालेलं पीठ भक्कन पेटतं.

आणि तेलावर पावडर मारायचीच वेळ आली, म्हणजे झाकण नाही, ब्लँकेट नाही आणि आग अजून कढईपुरतीच आहे, तर दोन-अडीच मीटर लांबून. जवळून मारलीस तर सिलिंडरच्या दाबानेच तेल उडेल. शिवाय ही पावडर ज्वाळा मारते, तेल गार करत नाही, त्यामुळे विझलेली कढई पुन्हा पेटू शकते. या कामासाठी खरा सिलिंडर 'वेट केमिकल'चा, एफ लिहिलेला. त्यातलं पोटॅशियमच्या क्षारांचं पाणी तापल्या तेलाशी मिळून वर साबणाचा फेस धरतं आणि तेल गारही करतं. रोजच्या घरात तो मी सांगणार नाही. पण तुझ्या जाऊबाई दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेतात ना, मोठी कढई आणि व्यापारी शेगडी घरातच, त्यांना मात्र जरूर सांग.

गॅसची गोष्ट वेगळी आहे. जळत्या गॅसवर पावडर मारून ज्वाळा विझवता येते, आणि तिथेच फसगत होते. ज्वाळा गेली, गॅस चालूच आहे. आता तो न जळता खोलीत साठतोय, हवेपेक्षा जड म्हणून जमिनीलगत, ओट्याखाली, आणि एका ठिणगीची वाट बघतोय. म्हणून आधी रेग्युलेटर. तो बंद झाला की ज्वाळा आपोआप जाते. रेग्युलेटरपर्यंत हात जात नसेल तर विझवायच्या भानगडीत न पडता सगळ्यांना घेऊन बाहेर. नुसता वास येत असेल, ज्वाळा नसेल, तर कुठलंच बटण दाबू नकोस, चालूही नाही आणि बंदही नाही. खिडक्या-दारं उघड, रेग्युलेटर बंद कर आणि घराबाहेर जाऊन १९०६ वर फोन कर, तो गॅसगळतीचाच नंबर आहे. आणि आज ओट्याखाली वाकून त्या केशरी नळीवर छापलेलं वर्ष वाच. पाच वर्षं झाली असतील तर ती बदल. लाल सिलिंडरपेक्षा ही खरेदी स्वस्त आणि माझ्या मते आधीची.

विजेचं म्हणशील तर मेन स्विच पाडायचा, मग पावडर. फक्त लक्षात ठेव, तुमच्याकडे इन्व्हर्टर आहे. मेन पाडला तरी इन्व्हर्टरच्या लाइनीवरचे दिवे-पंखे चालूच राहतात, त्याचं बटण वेगळं. ते कुठे आहे हे सासूबाईंना दाखवून ठेव. आणि जावईबापू ती इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी वर आणून दाराशेजारी रात्रभर चार्जिंगला लावतात, ते मला मुळीच पसंत नाही. लिथियमची बॅटरी पेटली तर पावडरने ज्वाळा दबतात, पण आतली उष्णता तशीच राहते आणि ती पुन्हा पुन्हा पेटते, धूरही विषारी. तिथे तुमच्या हातातला सिलिंडर फार तर पळायला वाट करून देईल. आणि घरातून बाहेर पडायचा एकमेव रस्ताच तिने अडवला असेल तर? चार्जिंग जागेपणी आणि दारापासून लांब.

आता चालवायचं कसं. शब्द चारच आहेत. पिन, नेम, दाब, फिरव. ऐकायला सोपं. त्या ट्रेसमोर मात्र भलेभले गोंधळतात, तेही पिनेपाशीच. आमच्या इमारतीत एक काका आहेत, अजून रोज जोर काढतात. त्यांनी दोन्ही पट्ट्या मुठीत आवळल्या आणि दुसऱ्या हाताने पिन ओढायला लागले. पिन हलेना. चेहरा लाल, ट्रेमध्ये डिझेल जळतंय, मागून सगळे ओरडतायत. एजन्सीचा पोरगा शांतपणे म्हणाला, "काका, मूठ सोडा." सोडली, पिन दोन बोटांनी निघाली. घाबरलेला माणूस हातातली वस्तू आवळतो, आणि पट्ट्या आवळल्या की मधली पिन अडकते. म्हणून सिलिंडर जमिनीवर ठेव किंवा खालच्या पट्टीने धर, पिनेला जरा पीळ दे, प्लास्टिकचं सील तुटकन तुटेल, आणि मग ओढ.

दोन-तीन मीटरवर उभी राहा, दार पाठीशी ठेवून. ही दाराची गोष्ट विसरू नकोस, कारण पावडर सुटली की सगळीकडे पांढरा धूर होतो आणि समोरचं काही दिसत नाही. उलटं वळलीस आणि मागे भिंत निघाली तर? नेम ज्वाळेच्या बुडाशी. शेंड्यावर मारलेली पावडर नुसती उडून जाते, खाली जळतंय ते जळतच राहतं. दाबलंस की फुस्सकन मोठा आवाज येतो, दचकून हात सोडू नकोस. नळीचं तोंड बुडावरून डावीकडे-उजवीकडे फिरवत राहा, आग मागे हटली की एक पाऊल पुढे. हे सगळं किती वेळ? दोन किलोचा सिलिंडर दहा सेकंदांच्या आसपास रिकामा होतो. तू आत्ता हा परिच्छेद वाचलास त्याहून कितीतरी कमी. म्हणून खोलीच्या दारातूनच दाबत येणाऱ्याचा सिलिंडर आगीपाशी पोचेपर्यंत संपलेला असतो.

विझली तरी पाठ फिरवू नकोस. तिच्याकडे तोंड करून मागे मागे ये. डिझेलचा ट्रे आमच्यासमोर विझल्यासारखा दिसून कोपऱ्यातून पुन्हा पेटलेला आहे.

आणि आता जे सांगते ते जावईबापूंना मोठ्याने वाचून दाखव, कारण पुरुषांना इथे मर्दुमकी गाजवायची असते. आग केराच्या बादलीएवढी असेल तरच हात घालायचा. ती तुझ्या कमरेच्या वर गेली असेल, पडद्यावरून माळ्याकडे चढली असेल, धूर डोक्याच्या पातळीला उतरला असेल किंवा आग तुझ्या आणि दाराच्या मध्ये असेल, तर सिलिंडर टाकून निघायचं. आगीत माणसं भाजण्याआधी बहुतेक वेळा धुराने जातात. एक सिलिंडर, एक प्रयत्न. संपला आणि आग राहिली, तर शेजाऱ्याकडचा आणायला पळायचं नाही. निघताना त्या खोलीचं दार ओढून घ्यायचं, कडी न लावता. बंद दार आगीला बराच वेळ अडवतं. लिफ्ट नाही, जिना. धूर असेल तर वाकून.

काम आधीच वाटून ठेवा. एकाने सिलिंडर घ्यायचा, दुसऱ्याने सासूबाईंना बाहेर काढायचं, मजल्यावरच्या बेला वाजवायच्या आणि १०१ नाहीतर ११२ ला फोन लावायचा. फोन विझवण्याआधी, विझवायचा प्रयत्न फसल्यावर नव्हे. बंब आला आणि आग विझलेली निघाली तर ते लोक काही रागावत नाहीत. तुमच्या बाल्कनीच्या ग्रिलला कुलूप आहे, त्याची किल्ली तिथेच पण बाहेरून हात पुरणार नाही अशा खिळ्याला असू दे. कपाटाच्या लॉकरमध्ये तिचा काही उपयोग नाही. कोणाला भाजलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं. टूथपेस्ट, हळद, तूप यातलं काही नाही, सासूबाईंनी कितीही आग्रह केला तरी.

टांगायचा कुठे, ते राहिलं. बहुतेक जण शेगडीच्या शेजारच्या भिंतीला लावतात, म्हणजे पेटल्यावर त्याला घ्यायला ज्वाळेतून हात घालायचा! स्वयंपाकघराच्या दाराबाहेर, हॉलच्या अंगाला लाव, सासूबाईंच्या खांद्याच्या खाली. घरमालक ड्रिल करू देत नसतील तर खाली ठेवायचा लोखंडी स्टँड मिळतो. फक्त तो मग चपलांच्या रॅकमागे सरकत जाईल, त्याच्या मानेला छत्री अडकेल, वर कॅलेंडर येईल, याकडे लक्ष ठेव. मी लोकांच्या घरी गेले की आता हेच बघते, पडदे-बिडदे नाही.

देखभाल फार नाही. महिन्यातून एकदा तबकडीचा काटा हिरव्यात आहे ना, पिन आणि सील जागेवर आहे ना, नळीच्या तोंडात कोळ्याने किंवा कुंभारणीने घर केलं नाही ना, ते बघ. (हसू नकोस, केलेलं पाहिलंय.) पावडर तळाशी बसून घट्ट होते, म्हणून धूळ पुसताना त्याला दोन-तीनदा उलटा करून हलव. 'चालतो का बघू' म्हणून एकदाही दाबायचा नाही. जरासा दाबला तरी पावडरचे कण झडपेत अडकतात, दाब हळूहळू निघून जातो आणि काही दिवसांनी काटा लाल पट्ट्यात. एकदा दाबला की रीफिल करायलाच हवा, कितीही कमी वापरलेला असो.

रीफिलवाल्यांपासून मात्र सांभाळून. आमच्याकडे पूर्वी एक जण यायचा, सगळे सिलिंडर टेम्पोत घालून न्यायचा आणि संध्याकाळी चकचकीत पुसून, नवीन तारखेचं स्टिकर लावून परत. नंतर एक उघडला तर आत पावडरची ढेकळं. म्हणून समोर भरून घे, जुनी पावडर रिकामी करताना बघ, आणि भरलेल्याचं वजन लेबलवरच्या एकूण वजनाशी ताडून बघ, रद्दीवाल्याचा काटासुद्धा चालतो. दाबाची चाचणी कधी झाली, पुढची कधी, हे त्याने सिलिंडरवर लिहून दिलं पाहिजे. पावडरच्या सिलिंडरचं आयुष्य दहा वर्षं धर. त्यानंतर रीफिलवर पैसे घालू नकोस, नवा घे.

सर्व्हिसिंगची तारीख लक्षात राहत नाही म्हणशील, तर १४ एप्रिल धर. १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकीन' जहाजावर आग लागली. कापसाच्या गासड्या आणि दारूगोळा एकाच जहाजात. विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण स्फोटात गेले. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात, आणि पुढचा आठवडाभर ठिकठिकाणी प्रात्यक्षिकं असतात. तुमच्या भागातल्या अग्निशमन केंद्रात विचारून बघ, बघायला मिळतील.

वापरलाच कधी तर नंतरचा पसारा भयंकर असतो, हेही सांगून ठेवते. पिवळट-पांढरी भुकटी कपाटाच्या फटीत, मिक्सरमध्ये, देवघरात. आधी कोरडीच झाडून किंवा व्हॅक्यूमने काढायची, नाकाला रुमाल बांधून; पाणी घातलंस की तिचा चिकट राप होतो आणि ओली पावडर धातू खाते. उघडं अन्न टाकून द्यायचं. सासूबाईंना दमा आहे, त्यांना दोन दिवस माझ्याकडे पाठव.

नाहीतर एक करू. जुलैत आमच्याकडे ड्रिल आहे, सकाळी दहाला, पार्किंगमध्ये. तुम्ही तिघंही या. सुती कपडे घाला, ओढणी नको. ट्रेसमोर पहिला नंबर सासूबाईंचा लावते, काकांच्याही आधी.